पुढे

शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्यांदा गेले
तेव्हा गेटवरच्या रजिस्टरात
'कामाचे स्वरूप' या रकान्यावर पेन अडलं.
वॉचमन म्हणाला, "ऑडिट लिवा मॅडम, सगळी तेच लिवत्यात."
तेच लिहिलं.

डी.एड. करून पाच वर्षं भरतीची वाट बघितली,
मग हे काम मिळालं.
आई पाहुण्यांना सांगते, "कम्प्युटरवर शिकवती ती."
"कुणाला?"
तिथं आई चहा गाळायला उठते.
खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नाही.
वर्ग मला दिसत नाही,
दिसतात आयडी, टक्के,
कुणी किती मिनिटांत संपवलं.
पाय हलवत खिडकीबाहेर बघणारं
एकही पोर माझ्या वाट्याला येत नाही.

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून फोनवर सांगितलं गेलं:
'समजेल' खोडा. समजलेलं मोजता येत नाही.
'ओळखेल' चालेल, 'निवडेल', 'क्रमाने लावेल'.
मी खोडत गेले.
उमगणं गेलं, उमजणं गेलं,
हाताला वळण लागणं तर
कुठल्याच यादीत नव्हतं.

आणि समोर रायगोंडा मिस्त्री.
एकतीस वर्षं मोल्डिंगला, भुवयांवर काळी धूळ.
"मिस्त्री, माती तयार झाली हे कसं ओळखायचं?"
"बघून."
"काय बघून?"
"माती."
मी लिहून घेतलं. शिरगुप्पे साहेब घड्याळाकडं बघायला लागले.

मग मिस्त्रीनं माझा पेन काढून
स्वतःच्या कानावर खोवला,
आणि तळहातावर मूठभर माती ठेवली.
"दाबा. आता मोडा. कड बघा."
वली हाय.
परत.
कोरडी.
परत.
सातव्यांदा तो काही बोललाच नाही,
पुढच्या बॉक्सकडं चालू लागला.
मला वाटतं मी पास झाले होते.

संध्याकाळी पंचगंगेच्या पुलावर केएमटी तुंबली,
नखांत माती घेऊन मी बसले होते
आणि डोक्यात एकच:
हे स्लाईडवर कसं आणू?
फोटो काढले, मोठे केले, बाण लावले.
बाणाला ओल कळत नाही.

शेवटी चौदा नंबरची स्लाईड अशी लिहिली:
'मोबाईल खिशात ठेवा.
मिस्त्रींकडे जा. मूठभर माती मागा.'
आणि तिथलं 'पुढे' बटण
दहा मिनिटं राखाडीच ठेवलं.
साहेब म्हणाले, हे ट्रॅक कसं होणार?
मी म्हटलं, बघू.
'बघू' हेही क्रियापद यादीत नाही.

घरी सगळ्यांचं आपलं एकच, मग पुढं काय?
पुण्याला सीनियरची जागा आहे,
पगार दीडपट, पोर्टफोलिओ पाठवा म्हणतात.
पाठवलाय. त्यात चौदा नंबर नाही,
स्क्रीनशॉटमध्ये ती नुसती मोकळी दिसते.

काल रिपोर्ट आला.
एकसष्ट जणांनी ती स्लाईड
अकराव्या मिनिटाला ओलांडली.
बटणाची वाट बघितली असणार,
तंबाखू मळत, रील बघत.
मी त्यांना दोष देत नाही,
मीही असंच केलं असतं.

एक मात्र, आयडी २२१७,
सत्तेचाळीस मिनिटं तिथंच.
आयटीनं तक्रार नोंदवली: स्क्रीन हँग, तपासावे.

असेलही हँग.
शिरोलीत लाईट जाते, रेंज जाते,
माणूस जेवायलाही जातो.

तक्रार मी अजून बंद केलेली नाही.
सकाळपासून दोनदा उघडून
तो आकडा तेवढा बघून आले.